राज्य, राष्ट्र आणि शीव : कूचबिहारच्या छिटमहालांची कथा

मुंबईच्या मध्य रेल्वेने प्रवास करणाऱ्यांना ‘शीव’ हे स्थानक परिचयाचे आहे. इंग्रजी उच्चाराने त्याचे ‘सायन’ झाले, तरी मूळ शब्द आपला घरचाच आहे. शीव म्हणजे सीमा. गावाची शीव कोठे संपते आणि शेजारच्या गावाची कोठे सुरू होते, हे आपल्याकडील शेतकऱ्याला कागद न पाहता सांगता येते. मुंबईची ही शीवदेखील एके काळी खरोखरीची सीमा होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे बेट इंग्रजांकडे आले, पण खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणून इंग्रजांनी शीवच्या टेकडीवर किल्ला बांधला. पुढे चिमाजीअप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेनंतर साष्टी मराठ्यांकडे आली आणि तीच खाडी मराठे व इंग्रज यांमधील सीमा ठरली. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि ही सीमाच नाहीशी झाली. आज त्या ठिकाणावरून दररोज लक्षावधी माणसे जातात. आपण एक जुनी सरहद्द ओलांडीत आहोत, याची त्यांना जाणीवही नसते.

सीमा जन्मास येतात, सरकतात आणि प्रसंगी लोपही पावतात. नकाशावर त्या नद्या-पर्वतांइतक्याच ठळक दिसत असल्या, तरी त्या निसर्गाने नव्हे, माणसाने आखलेल्या असतात. भूमी आणि सत्ता यांच्या या संबंधाचा विचार करणाऱ्या शास्त्राला राजकीय भूगोल म्हणतात. विषयाचे नाव काहीसे रुक्ष आहे खरे, परंतु त्याचे प्रश्न फार जवळचे आहेत. मी कोणत्या राज्याचा? माझे राष्ट्र कोणते? आणि माझ्या अंगणापाशी येऊन थांबलेली ही रेघ कोणी, कशासाठी काढली? भारत आणि बांगलादेश यांच्या सरहद्दीवरील काही हजार माणसांना हे प्रश्न जवळजवळ अडुसष्ट वर्षे रोज भेडसावीत होते. त्यांची हकीकत सांगण्यापूर्वी दोन-तीन शब्दांचे अर्थ स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे.

राज्य आणि राष्ट्र

देश, राज्य आणि राष्ट्र हे शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. शास्त्रात मात्र त्यांच्यात भेद केला जातो. १९३३ मध्ये माँटेव्हिडिओ येथे झालेल्या करारात राज्याची चार लक्षणे सांगितली आहेत : कायम वस्ती असलेली जनता, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची पात्रता. या चारही गोष्टी जेथे आहेत, तेथे सार्वभौम राज्य आहे असे समजावे. आपल्याकडे एक घोटाळा संभवतो. आपले संविधान भारताला राज्यांचा संघ म्हणते, त्यामुळे महाराष्ट्र, कर्नाटक, बंगाल यांनाही आपण राज्येच म्हणतो. ती घटक राज्ये होत. सार्वभौमत्व संपूर्ण भारताचे आहे.

राष्ट्र ही कल्पना याहून निराळी आहे. राज्य कायद्याने उभे राहते, तर राष्ट्र मनात उभे राहते. एर्नेस्ट रेनाँ या फ्रेंच विद्वानाने १८८२ मध्ये पॅरिसला दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात असे प्रतिपादन केले, की वंश, भाषा, धर्म वा भूगोल यांपैकी एकट्याने कोणतीच गोष्ट राष्ट्र घडवू शकत नाही. एकत्र भोगलेला भूतकाळ आणि पुढेही एकत्र राहण्याची इच्छा या दोन गोष्टींतून राष्ट्र घडते. कुर्द लोकांना आपण एक राष्ट्र आहोत असे वाटते, पण ते तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया या चार राज्यांत विभागलेले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये चार राष्ट्रभाषा आहेत, तरी राष्ट्र एक आहे. बंगाली भाषा दोन सार्वभौम राज्यांत बोलली जाते. उलटपक्षी इंदूर, बडोदे, हैदराबाद वा तंजावर येथे पिढ्यानपिढ्या नांदणारी मराठी कुटुंबे भाषेने मराठी, वस्तीने त्या त्या राज्याची आणि राष्ट्राने भारतीय आहेत. या तिन्ही नात्यांत त्यांना विरोध वाटत नाही.

यावरून अंतर्गत सीमा आणि आंतरराष्ट्रीय सीमा यांतील भेदही ध्यानात येईल. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये निराळी झाली, पण मुंबईहून अहमदाबादेस जाणाऱ्या प्रवाशाला त्यासाठी परवाना काढावा लागला नाही. फक्त स्थानकांवरील पाट्यांची लिपी बदलली. सार्वभौम राज्यांमधील सीमेवर मात्र कायदा, नाणे, न्यायालय आणि नागरिकत्व ही सर्व एकदम बदलतात.

प्रदेशाची झाली रेघ

पूर्वीच्या काळी दोन राजवटींच्या मध्ये बहुधा रेघ नसे, तर पट्टा असे. घनदाट अरण्य, ओसाड माळ, डोंगरांची रांग अशा प्रदेशात एका राजाची सत्ता हळूहळू क्षीण होत जाई आणि दुसऱ्याची हळूहळू प्रबळ होत जाई. त्याला सीमाप्रदेश म्हणता येईल. मोजणीचे शास्त्र आणि बारकाव्याने काढलेले नकाशे आल्यावर या पट्ट्याची रेघ झाली. आधुनिक सीमारेषा चार पायऱ्यांनी पूर्ण होते. प्रथम कोणाकडे काय जावयाचे, याचा राजकीय निर्णय होतो. नंतर तो शब्दांत आणि नकाशावर नेमका उतरविला जातो. त्यानंतर जमिनीवर खांब रोवले जातात. शेवटी त्या रेघेची देखरेख सुरू होते, आणि हे काम कधीच संपत नाही.

यांतील कोणत्याही पायरीवर घाई झाली तर तिचे परिणाम पिढ्यांना भोगावे लागतात. सर सिरिल रॅडक्लिफ हे इंग्रज कायदेपंडित ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले. तत्पूर्वी ते या देशात कधी आले नव्हते. पंजाब आणि बंगाल या दोन विशाल प्रांतांची विभागणी करण्यास त्यांना अवघे पाच आठवडे मिळाले. त्यांचा निवाडा १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी प्रसिद्ध झाला. त्या दोन दिवसांत आपण कोणत्या देशात आहोत, हे सीमेवरील अनेक गावांना ठाऊक नव्हते.

भारताला भूसीमेवर सात शेजारी आहेत. ही सरहद्द एकूण सुमारे १५,१०६ किलोमीटर असून तिच्यापैकी सर्वांत लांब, सुमारे ४,०९६ किलोमीटरचा भाग बांगलादेशाशी आहे. याच भागावर पश्चिम बंगालच्या उत्तरेस कूचबिहार जिल्हा आहे. आपली कथा तेथील आहे.

छिटमहाल म्हणजे काय?

‘महाल’ हा वसुलाच्या विभागाचा शब्द मराठी वाचकांस नवा नाही. ‘छिट’ म्हणजे शिंतोडा किंवा ठिपका. आपल्याकडे ठिपक्यांच्या कापडालाही छीट म्हणतात. एका राज्याच्या जमिनीचा तुकडा चहूबाजूंनी दुसऱ्या राज्याने वेढलेला असेल, तर त्याला बंगालच्या या भागात छिटमहाल म्हणत. कूचबिहारच्या सरहद्दीवर असे तुकडे कापडावरील ठिपक्यांसारखे विखुरलेले होते. भारताचे १११ छिटमहाल बांगलादेशाच्या आत होते, तर बांगलादेशाचे ५१ भारताच्या आत. भारताच्या छिटमहालांचे क्षेत्रफळ १७,१६० एकर आणि बांगलादेशाच्या छिटमहालांचे ७,११० एकर भरत असे. काही ठिकाणी तर छिटाच्या पोटात छिट होते. दहला खाग्राबाडी नावाची सुमारे पावणेदोन एकरांची शेतजमीन भारताची होती. तिच्याभोवती बांगलादेशाचे गाव होते, त्या गावाभोवती भारताचे छिट, आणि त्याभोवती पुन्हा बांगलादेश! जगात अशा प्रकारची ही एकमेव जागा होती.

असे का झाले? कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा मोगल फौजदार बुद्धिबळ खेळताना गावे पणास लावीत, आणि हरलेली गावे समोरच्याकडे जात, अशी कथा त्या भागात सांगितली जाते. कथा मनोरंजक आहे, परंतु खरे कारण अधिक साधे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी मोगल आणि कूचबिहार यांच्यात युद्धे होऊन तह झाला. त्यात काही प्रदेश मोगलांकडे गेला, पण तेथील काही बळकट सरदारांना मोगलांना हुसकता आले नाही आणि त्यांच्या जमिनी कूचबिहारच्याच राहिल्या. उलट, काही मोगल सैनिकांनी कूचबिहारच्या आत जमिनी धरून ठेवल्या होत्या. त्यांची निष्ठा मोगलांकडे राहिली. त्या काळी यामुळे कोणाचे फारसे अडत नसे. कोणत्या राजाला सारा भरावयाचा, एवढाच काय तो फरक होता. बाजाराला जाण्यास, मुलीला सासरी पाठविण्यास वा नदीवर होडी लावण्यास कोणी परवाना मागत नव्हते.

वसुलाचा हक्क आणि सार्वभौम सत्ता यांतील हा फरक समजण्यास आपल्या इतिहासातील एक उदाहरण उपयोगी पडेल. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना दमणजवळील काही गावांचा वर्षाला बारा हजार रुपयांचा वसूल लावून दिला. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे पुढे हा प्रश्न आला, तेव्हा न्यायालयाने असे मत दिले, की मराठ्यांनी दिला तो वसुलाचा हक्क होता, भूमीचे स्वामित्व नव्हे. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता तेथे मान्य केली आणि ती रूढ झाली. हीच दादरा व नगर हवेली होय. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ती मुक्त केली. त्यांत महाराष्ट्रातील तरुणांचा मोठा वाटा होता आणि गायक-संगीतकार सुधीर फडके हेही त्यांच्यात होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्या ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क होता, सैन्य नेण्याचा नव्हता; आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही. दुसऱ्याच्या भूमीने वेढलेल्या तुकड्याचे सारे दुखणे या एका प्रश्नात साठवलेले आहे : तेथे पोचावयाचे कसे?

कागदावरील नागरिक

१९४७ मध्ये रंगपूर पूर्व पाकिस्तानात गेले. कूचबिहार हे संस्थान असल्यामुळे रॅडक्लिफ यांच्या कामाच्या कक्षेत ते येत नव्हते. १९४९ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १ जानेवारी १९५० पासून पश्चिम बंगालचा जिल्हा बनले. जुन्या साऱ्याच्या रेघा अशा रीतीने एकाएकी दोन सार्वभौम राज्यांच्या सीमा झाल्या. ऑक्टोबर १९५२ मध्ये दोन्ही देशांत पारपत्र व प्रवेशपत्र यांची पद्धत सुरू झाली, तेव्हा छिटमहालातील माणसाची कोंडी पूर्ण झाली. आपल्या देशात जावयाचे तर मधला परका प्रदेश ओलांडावयास हवा. तो ओलांडण्यास प्रवेशपत्र हवे. प्रवेशपत्र मिळवावयाचे तर आधी आपल्या देशातील कचेरीत गेले पाहिजे. म्हणजे कायदा पाळण्यासाठीच प्रथम कायदा मोडावयास हवा!

या कोंडीचा अर्थ घराघरांत काय होता, याची कल्पना करून पाहावी. ज्या राज्याची ही भूमी, त्याचे पोलीस, शिक्षक, डॉक्टर, तलाठी तेथे येऊ शकत नव्हते. ज्या राज्याने ती वेढलेली, त्याला ती आपली जबाबदारी वाटत नव्हती. बहुतेक छिटांत शाळा नव्हती, वीज नव्हती, पक्का रस्ता नव्हता. छिटाच्या कडेपर्यंत आलेल्या विजेच्या तारा तेथून वळून पुढे जात. चोरी झाली तर तक्रार कोणाकडे करावयाची, हे कळत नसे. जमिनीचा व्यवहार साध्या कागदावर होई आणि त्याला न्यायालयात किंमत नसे. मुलाला शाळेत घालावयाचे तर बाहेरच्या एखाद्या ओळखीच्या गृहस्थाला कागदोपत्री बाप करावे लागे. बाळंतपणासाठी रुग्णालयात जाणाऱ्या कित्येक स्त्रियांना नवऱ्याच्या जागी परक्या माणसाचे नाव सांगावे लागले. आईला आपल्या मुलाच्या खऱ्या बापाचे नाव लिहिता येऊ नये, याहून राज्यहीनतेची अधिक बोलकी खूण कोणती असणार?

माँटेव्हिडिओ कराराची चार लक्षणे येथे पुन्हा आठवावीत. छिटमहालात जनता होती, भूमी होती, नकाशावर तिचा धनीही होता. नव्हते ते फक्त शासन. एक लक्षण गळाले आणि उरलेली तीन निरुपयोगी झाली. येथे राष्ट्रभावनेची उणीव नव्हती. अनेकांना आपण अमक्या देशाचे आहोत, याचा अभिमान होता. पण अभिमानाने शिधापत्रिका मिळत नाही.

सत्तावन्न वर्षांचा मार्ग

हा प्रश्न कोणाच्या ध्यानातच आला नव्हता, असे नाही. १० सप्टेंबर १९५८ रोजी पंडित नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांनी छिटमहालांची अदलाबदल करण्याचे ठरविले. त्याच करारात जलपाईगुडीजवळील बेरूबाडीचा अर्धा भाग पाकिस्तानला देण्याचे कलम होते. त्यावरून बंगालमध्ये तीव्र विरोध झाला. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मत दिले, की भारताची भूमी दुसऱ्या राज्याला द्यावयाची तर शासनाची स्वाक्षरी पुरेशी नाही, त्यासाठी संविधानात दुरुस्ती केली पाहिजे. हे मत लोकशाहीच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. जुन्या राजाला तहाच्या वेळी गावे देऊन टाकता येत, कारण भूमी त्याची समजली जाई. प्रजासत्ताकात भूमी जनतेची असते, म्हणून तिच्या प्रतिनिधींची संमती लागते. त्याप्रमाणे नववी घटनादुरुस्ती झाली, परंतु न्यायालयीन वाद आणि राजकीय विरोध यांमुळे अदलाबदल घडली नाही.

१९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला. १६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी नवा भूसीमा करार केला. बांगलादेशाने त्याला त्याच वर्षी मान्यता दिली. भारताकडून ती राहून गेली. या करारानुसार दक्षिण बेरूबाडी भारताकडे राहावयाची होती आणि दहग्राम-अंगरपोता हे मोठे छिट बांगलादेशाकडे. तेथील लोकांना मायदेशी जाता यावे म्हणून भारताने तीन बिघा नावाची १७८ मीटर लांब व ८५ मीटर रुंद अशी एक पट्टी वापरावयास द्यावी, असेही ठरले. ही वाट उघडण्यास १९९२ साल उजाडले. आरंभी ती दिवसाचे ठरावीक तासच खुली असे. २०११ पासून ती अहोरात्र खुली झाली. एवढीशी वाट, परंतु रात्री आजारी पडलेल्या मुलाला घेऊन निघालेल्या बापाला तिचे मोल विचारावे.

२०११ च्या जुलैमध्ये दोन्ही देशांनी मिळून छिटमहालांतील माणसांची मोजणी केली. ती ५१,५४९ भरली. त्यांपैकी ३७,३३४ भारताच्या आणि १४,२१५ बांगलादेशाच्या छिटांत राहत होती. सप्टेंबरमध्ये डॉ. मनमोहन सिंग आणि शेख हसीना यांच्या उपस्थितीत पूरक करार झाला. तरीही विरोधाचा एक मुद्दा उरलाच होता. भारत १७ हजार एकर देणार आणि ७ हजार एकर घेणार, म्हणजे सुमारे दहा हजार एकर भूमी आपण गमावणार. मुद्दा वरवर बिनतोड दिसतो, आणि मातृभूमीच्या इंचाइंचाविषयी ममत्व असणाऱ्याला तो चटका लावणारा आहे. परंतु ज्या भूमीवर आपला शिपाई जाऊ शकत नाही, आपली शाळा उघडत नाही आणि आपले मत नोंदविले जात नाही, ती भूमी आपल्याकडे होती कोठे? ती कागदावर होती. मे २०१५ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी शंभरावी घटनादुरुस्ती एकमताने मंजूर केली आणि ६ जून रोजी ढाका येथे मान्यतेच्या पत्रांची देवघेव झाली.

मध्यरात्र

३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री १६२ छिटमहाल नकाशावरून पुसले गेले. ज्याच्या पोटात ते होते, त्याच देशाचे ते झाले. काही वस्त्यांत गेलेल्या अडुसष्ट वर्षांसाठी अडुसष्ट मेणबत्त्या लावण्यात आल्या. भूमीचा निर्णय दोन राज्यांनी केला होता, माणसांचा मात्र त्यांच्यावरच सोपविण्यात आला. तुम्हांला कोणते नागरिकत्व हवे, असे प्रत्येकास विचारण्यात आले. भारतातील बांगलादेशी छिटांमधून कोणीही बांगलादेशात जावयाचे निवडले नाही. बांगलादेशातील भारतीय छिटांमधून सुमारे एक हजार लोकांनी भारत निवडला. बाकीचे आपली भूमी, आपले शेत आणि आपले शेजारी यांच्यासह बांगलादेशाचे नागरिक झाले.

जे भारतात आले, त्यांची निवड सोपी नव्हती. काही घरांत भाऊ एकीकडे राहिला आणि भाऊ दुसरीकडे गेला. पिकती शेते मागे ठेवून आलेल्यांना दिनहाटा, मेखलीगंज आणि हल्दीबाडी येथील छावण्यांत दिवस काढावे लागले. रोजगार आणि मागे राहिलेल्या जमिनीची किंमत यांविषयीच्या त्यांच्या तक्रारी पुष्कळ दिवस चालू राहिल्या. रेघ दुरुस्त झाली म्हणजे आयुष्य आपोआप दुरुस्त होते, असे नाही. तरीही २०१६ च्या विधानसभा निवडणुकीत पश्चिम बंगालमधील या नव्या नागरिकांनी प्रथमच मत दिले. त्यांत पांढरे केस झालेली माणसे होती, त्यांचे मुलगे होते आणि नातवंडेही होती.

येथे कोणी विचारील, की वेढलेला तुकडा म्हटला की दुःख आलेच काय? तसे नाही. नेदरलँड्सच्या हद्दीत बार्ले नावाच्या गावी बेल्जियमचे २२ तुकडे आजही आहेत. तेथील फरशीवर सीमेच्या खुणा केलेल्या असून काही घरांच्या मधूनच सरहद्द जाते. पण दोन्ही नगरपालिका एकमेकींशी बोलून कामे करतात आणि नागरिकांना ये-जा करण्याची मोकळीक आहे. तेथे प्रवासी ती गंमत म्हणून पाहण्यास जातात. रेघ तशीच वाकडी-तिकडी असूनही एका ठिकाणी तिने गावाचे कौतुक वाढविले, दुसऱ्या ठिकाणी माणसांची तीन पिढ्यांची उमेद हिरावून घेतली. फरक रेघेत नाही. तिच्या दोन्ही बाजूंच्या राज्यांनी आपापली कर्तव्ये मानली की नाही, यात तो आहे.

घरी मुले नकाशा काढीत बसली असतील, तर त्यांना सीमेची रेघ स्वच्छ आणि ठळक काढण्यास अवश्य शिकवावे. तिचे रक्षण करण्यासाठी बर्फात आणि वाळवंटात उभे असलेले जवानही त्यांना माहीत असावेत. परंतु त्याबरोबरच त्यांना हेही विचारावे, की या रेघेच्या आत राहणाऱ्या प्रत्येकाला शाळा, दवाखाना, न्याय आणि मत यांपर्यंत पोचता येते का? राज्याची शीव भूमीवर कोठे आहे, ते खांब सांगतात. ती खरोखर कोठवर पोचली आहे, हे मात्र शेवटच्या घरात राहणाऱ्या माणसालाच विचारावे लागते.